तिसरा साक्षीदार

हवालदारानं मयताचं नाव विचारलं, वय विचारलं, गाव विचारलं, आणि मग मान वर न करताच विचारलं, "विवाहित की अविवाहित?"

सुनीलच्या अंगावर अजून ओली चड्डी होती आणि पोटऱ्यांना वाळू चिकटलेली होती. बाहेर व्हरांड्यात चादरीखाली इंद्रजीत होता, आणि आत हा माणूस रेशनकार्डाचा फॉर्म भरल्यासारखा त्याची माहिती लिहून घेत होता. सुनील म्हणाला, "अविवाहित." खाली सही केली. खोटं बोलायला त्याला वेळ लागला नाही. भीतीनं माणूस खोटं बोलतो तेव्हा ते फार सफाईनं बोलतो.

कारण इंद्रजीतचं लग्न झालेलं होतं. श्रावणात, यवतमाळला, विवाह नोंदणीच्या कार्यालयात. नोटीस महिनाभर फळ्यावर लावलेली होती, पण सरकारी फळा वाचायला फुरसत कोणाला आहे? मुलगी दिपाली. दिग्रस तालुक्यातल्या सुनील-इंद्रजीतच्या तांड्यापासून तीन किलोमीटरवरच्या गावातली, नानाजींची थोरली. नानाजी म्हणजे वीस एकर कपाशी आणि तूर, गावात शब्दाला वजन, आणि जातीचा पीळ असा की सुंभ जळलं तरी जायचा नाही. तांड्यावरचा जावई त्यांनी स्वप्नातही उंबऱ्याच्या आत घेतला नसता. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन इंद्रजीतनं समोरच्या टपरीवरून धरून आणले. त्यांना ना नवरा माहीत ना नवरी. तिसरा सुनील. म्हणजे या लग्नाची खरी खबर जगात तीनच माणसांना होती, आणि त्यातला एक आता चादरीखाली होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण तांड्याची रीत अशी आहे की लग्न झालेल्याला अग्नी आणि बिनलग्नाच्याला माती. मग तो सोळाचा असो नाहीतर साठीचा. संसाराला न लागलेला माणूस लेकरासारखाच, त्याला आगीत घालायचं नाही. फोनवर बातमी गेली तेव्हा इंद्रजीतचे वडील फुलसिंग एवढंच म्हणाले, "घेऊन ये. मी खड्डा खंदून ठेवतो."

हे सगळं सुरू झालं ते एका हट्टापायी. सुनीलचं दिग्रसच्या बसस्टँडमागे सायकलचं दुकान. इंद्रजीत कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवायचा आणि उरलेला दिवस सुनीलच्या दुकानात बसून त्याचं डोकं खायचा. त्याचं म्हणणं, आपले पणजे-खापरपणजे बैलांच्या पाठीवर धान्य लादून समुद्रापर्यंत जात आणि मीठ घेऊन परत येत. आपण मात्र पुसदच्या पुढे गेलो तरी गाव डोळे वटारतं. "एक डाव जाऊन पाहू," तो म्हणायचा. "बैल नाहीत तं सायकली हायेत." सुनीलनं दोन जुन्या गिअरच्या सायकली खोलून, धुऊन, नव्यासारख्या केल्या. युरियाच्या पोत्यांच्या पिशव्या शिवून कॅरिअरला दोन्ही अंगांनी लटकवल्या. दिवाळी झाली, कापूस वेचणीला आला, आणि सगळा तांडा वावरात असताना हे दोघं निघाले. मागून बायका हसल्या ते वेगळंच.

अकरा दिवस. मराठवाड्याची सपाटी, मग घाट, आणि घाटाखाली उतरल्यावर असा दमट उकाडा की सीटवर बसल्या बसल्या अंगाचं पाणी व्हावं. कोकणातला रस्ता सायकलवाल्याची मस्करी करतो. खाडी आली की सरळ खाली उतरायचं, सायकली फेरीबोटीत घालायच्या, आणि पलीकडे गेलं की पुन्हा तेवढंच वर चढायचं. चढावर सायकल ढकलताना सुनील शिव्या घालायचा. इंद्रजीत हसायचा. रोज संध्याकाळी कुठलातरी किनारा गाठायचा, देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर पथारी टाकायची, सकाळी चेनला तेल पाजायचं. खाऱ्या वाऱ्यानं ती रात्रीतून तांबडी व्हायची. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा दोघंही सायकली टाकून नुसते उभे राहिले. इंद्रजीत म्हणाला, "एवढ्या पान्यात एकही घोट पेता येत नाही, पाह्य." त्यानंच मग मिठागरावरून किलोभर खडे मीठ मागून घेतलं आणि पिशवीच्या तळाशी ठेवलं.

वेळासच्या वाळूत उताणं पडून तो एकदा म्हणाला होता, "आता मी मेलो तं मले जाळा लागते, समजलं का? पुरता येत नाही. तूच तं साक्षीदार हायेस."

"चूप बैस. आधी याडीले सांग घरी जाऊन."

याडी म्हणजे आई. "सांगतो ना," तो म्हणाला. "मीठ हातात देतो अन् सांगतो. तू जवळ उभा राह्य फक्त." सुनील हो म्हणाला होता.

बाराव्या दिवशी दुपारी, गुहागर मागे पडल्यावर, एका लहानशा गावाच्या किनाऱ्यावर ते थांबले. चिटपाखरू नव्हतं. इंद्रजीत पाण्यात शिरला. तांड्याची पोरं अरुणावतीत पोहायला शिकतात, आणि तिथं पहिला धडा हाच असतो की नदी ओढायला लागली की तिच्याशी भांडायचं नाही. अंग सोडून द्यायचं. पुढच्या वळणावर ती आपोआप काठाला लावते. त्या दुपारी ओहोटी होती. इंद्रजीत छातीइतक्या पाण्यात होता तो बघता बघता लांब गेला. हात मारत होता, पण तिथल्या तिथंच. सुनील किनाऱ्यावरून बोंबलला, "भांडू नको! अंग सोड! अंग सोड!"

इंद्रजीतनं ऐकलं. हेच तर वाईट झालं. त्यानं हात मारणं थांबवलं आणि उताणा झाला. एकदा हातही वर केला, ठीक आहे म्हणून. सुनील वाळूवरून त्याच्या बाजूबाजूनं चालत राहिला, पुढे कुठंतरी लागेल म्हणून. या पाण्याला पलीकडचा काठ नाही, हे त्याच्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. तोवर ते डोकं दिसेनासं झालं होतं.

दोन तासांनी होडीवाल्यांनी त्याला खडकांजवळून काढला. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "आडवं पोहायचं होतं रे, किनारा धरून. ओढीतनं सुटला असता. अंग टाकलंन की ती आत नेते." सुनीलनं मान हलवली. आपण काय ओरडलो होतो ते त्यानं म्हाताऱ्याला सांगितलं नाही, हवालदाराला सांगितलं नाही, कोणालाच सांगितलं नाही.

शवविच्छेदन होऊन संध्याकाळी अँब्युलन्स निघाली. सायकली टपावर बांधल्या. ज्या रस्त्याला अकरा दिवस लागले तो एका रात्रीत उलटा सरकून गेला. पहाटे वाशीमच्या आसपास फोन वाजला. दिपाली होती. गोठ्यात येऊन बोलत असावी. मागे म्हशीची साखळी वाजत होती.

"सुनीलभाऊ, ग्रुपवर आलं ते खरं हाये?"

"हो."

मग अगदी खालच्या आवाजात तिनं विचारलं, "तोंड कसं दिसते त्याचं?"

"झोपल्यासारखं," सुनील म्हणाला. तसं ते दिसत नव्हतं.

"कोनाले सांगतलं का आमचं?"

"नाही."

"सांगू नका."

"पुरतील त्याले, दिपाली. बिनलग्नाचा म्हनून पुरतील."

"पुरू द्या." आता ती रडत होती, पण शब्द स्पष्ट होते. "त्याले आता माती काय अन् आग काय. मले इथं जगा लागते. लहान्या बहिणीची सोयरीक चालू हाये. पोलीस भरतीचं माह्यं ग्राउंड वीस दिवसांवर आलं. बाबानं ऐकलं तं मले घरात ठेवनार नाहीत. तो असता तं मी त्याचा हात धरून निघाली असती. आता कोनाचा धरू? भाऊ, तुमच्या पाया पडते. नका सांगू."

"नाही सांगत," सुनील म्हणाला. "शप्पथ." आणि ते तो मनापासूनच म्हणाला होता, हे इथं नोंदवलं पाहिजे. त्याच्यावर पुढे जे बोट ठेवायचं ते ठेवू.

अँब्युलन्स तांड्यात शिरली तेव्हा ऊन चढलं होतं. वेचणी सोडून सगळे आलेले. रामीबाईला दोन बायकांनी धरून आणलं. तिनं चादर बाजूला केली, लेकाच्या कपाळावरची वाळू पदरानं पुसली. ती रडली ती वेगळी, सगळ्यांनी ऐकली, पण मधेच थांबून तिनं एक विचारलं ते फक्त सुनीलनं ऐकलं, "एवढ्या पान्यात त्याले तहान लागली असंल का रे?"

फुलसिंग मोहाच्या झाडाखाली उभे होते. खड्डा त्यांनी एकट्यानं खणला होता, कोणाला हात लावू दिला नव्हता. काळ्या मातीचा ढीग बाजूला, ओला. आंघोळ घातली, नवं कापड घातलं. चौघांनी उचललं. सुनील त्या चौघांत होता. डोळे खाली घालून चालायचं, माती लोटायची, घरी जाऊन दार लावायचं, एवढंच त्याला करायचं होतं. पन्नास पावलांचा प्रश्न होता.

खड्ड्याच्या तोंडाशी रामीबाईनं इंद्रजीतचा हात धरला आणि सोडेना. तांड्याचे नायक देवसिंग म्हणाले, "सोड रामी, ऊन होऊन राह्यलं." ती सुनीलकडे वळली.

"तू तं काठावर होतास. तुले दिसत होता तो. शेवटी काय म्हनलं तू त्याले? काही तं म्हनलं असशील ना, बापू?"

सगळा तांडा त्याच्या तोंडाकडे पाहत होता. रामीबाईला काही जाब विचारायचा नव्हता. लेकाच्या कानावर शेवटी पडलेला आपल्या माणसाचा शब्द तिला हवा होता. तो शब्द सुनीलच्या जिभेवर होता, आणि तो सांगण्यापेक्षा त्याच खड्ड्यात उडी घेणं त्याला सोपं होतं. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि असं काहीतरी, की हा प्रश्न कोणाच्या लक्षातही राहू नये.

"काकी, पुरू नका त्याले," तो म्हणाला. "त्याचं लग्न झालं हाये."

लोक नंतर म्हणाले, पोरगा खरा निघाला, मित्राला जागला. म्हणोत बापडे. एक खरं लपवायला त्यानं दुसरं खरं पुढे केलं, आणि ते त्याच्या मालकीचंही नव्हतं.

देवसिंग म्हणाले, "काही पुरावा?" सुनीलनं मोबाइल काढला. फोटोत इंद्रजीत आणि दिपाली, गळ्यात झेंडूचे हार, बाजूला सुनील दात काढून उभा. उन्हात दिसेना म्हणून रामीबाईनं पदराची सावली केली आणि बराच वेळ पाहिलं.

"हे नानाजीची थोरली ना? मागच्या साली त्यायच्या वावरात वेचाले गेलती मी. पानी देल्लं होतं इनं, थंड." मग तिनं तोंडावर पदर घेतला. "चांगली हाये रे पोरगी. मले सांगतलं असतं तं मी काय खाल्लं असतं का त्याले?"

फुलसिंगांनी फोटो पाहिला नाही. त्यांनी फावडं उचललं आणि आपण खणलेला खड्डा स्वतःच बुजवायला लागले. "लाकडं आना," एवढंच म्हणाले.

"अन् तिले आना," रामीबाई म्हणाली. "बायको असून तिच्याबिगर आग कशी देता?"

"नको काकी," सुनील म्हणाला. "ती नको म्हनत होती. तिच्या घरचे..." पण बाण सुटला होता. आता त्याचं ऐकायला कोणाला सवड नव्हती. "तुले घर मालूम हाये," रामीबाई म्हणाली. "चाल."

एका टेम्पोत सहा बायका आणि सुनील. नानाजींच्या ओसरीत नुकत्याच वेचलेल्या कापसाचा ढीग पडला होता. नानाजी ओट्यावर बसलेले, त्यांचा मुलगा कपिल पोत्यांचं तोंड शिवत होता. तांड्याच्या बायका अंगणात शिरलेल्या पाहून कपिल म्हणाला, "वेचणी उद्या हाये, आज कायले आल्या?"

रामीबाई पुढे झाली. "नानाजीभाऊ, माह्या पोराची बायको न्याले आली मी."

नानाजींना कळेना. तिचा लेक गेल्याची खबर त्यांच्या कानावर होती. बाईचं डोकं ठिकाणावर नाही असं त्यांना वाटलं असावं. "बस बाई, पानी घे," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष मागे उभ्या असलेल्या सुनीलकडे गेलं, त्याच्या हातातल्या मोबाइलकडे गेलं, आणि त्यांचा आवाज बदलला. "दिपाली!"

ती दारात आली. सकाळची धावून आलेली, अंगावर ट्रॅकसूट, डोळे सुजलेले. तिची आई विजयमाला मागोमाग आली.

"काय म्हनते हे बाई?"

दिपालीनं सुनीलकडे पाहिलं. एकदाच. सुनीलला वाटलं, हिनं नाही म्हणावं. फोटो बनावट आहे म्हणावं, पोरांनी चेष्टा केली म्हणावं. नानाजींनी ते खुशीनं मानलं असतं. बापाला असलं खोटं गोडच लागतं. सुनीलनं मनातल्या मनात हात जोडले, नाही म्हण, बाई, नाही म्हण. आपण मोडलेली शपथ तिनं निस्तरावी, एवढीच काय ती त्याची इच्छा होती.

पण ती रामीबाईकडे पाहत होती. रामीबाईच्या पायाला काळी माती लागली होती, पदर एका बाजूनं भिजला होता.

"त्याले कुठं ठेवलं?" दिपालीनं विचारलं.

"लाकडं रचून राह्यले. तुह्यासाठी थांबले."

"हो, बाबा," दिपाली म्हणाली. "खरं हाये. मी त्याची बायको हाये."

विजयमाला तिथंच खाली बसली. कपिल उठला, त्याला नानाजींनी हातानं थांबवलं. मारहाण झाली नाही, आरडाओरडा झाला नाही. नानाजी कापसाच्या ढिगाकडे पाहत म्हणाले, "घेऊन जा. अन् तिकडंच ठेवा. आम्हाले आता एकच पोरगी, लहानी." मग आत गेले. तिची चप्पल आत राहिली होती, ती मागायला कोणी गेलं नाही.

टेम्पोत ती रामीबाईच्या बाजूला अनवाणी बसली.

सरण रचून झालं होतं. तांड्यातल्या सगळ्यांत जुन्या हंसाबाईनं दिपालीला समोर बसवलं आणि तिचा हात हातात घेतला. नवरा गेला की बांगड्या फोडायच्या, हा विधी हंसाबाई चाळीस वर्षं करत आली होती. हात उलटासुलटा करून ती थबकली. मनगटावर धावण्याचा वेळ मोजायचं घड्याळ, बाकी काही नाही.

"इच्या हातात तं काहीच नाही," हंसाबाई म्हणाली. "फोडाचं काय?"

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. रामीबाई उठून घरात गेली, आणि पत्र्याच्या पेटीतून कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या घेऊन आली. सुनेसाठी घेऊन ठेवल्या होत्या. दिपालीचं घड्याळ तिनं काढलं आणि एकेक बांगडी भरायला बसली. मनगट व्यायामाचं, बांगड्या नाजूक. तेल लावलं तरी दोन पिचल्या, रक्त आलं. रामीबाई "दुखते का वं?" म्हणत होती, दिपाली मान हलवत होती. दोन्ही हात भरले. हिरव्या हातांची ती पोर थोडा वेळ खरीच नवी नवरी दिसली, आणि ते पाहून ज्या बायका आतापर्यंत रडल्या नव्हत्या त्याही रडल्या.

हंसाबाईनं दगड पुढे केला. रामीबाईनं दिपालीचं मनगट धरलं, उचललं, आणि तसंच धरून ठेवलं. आत्ताच भरलेला हात तिच्यानं आपटवेना. शेवटी दिपालीनं स्वतःच हात सोडवून घेतला आणि दगडावर मारला. मग दुसरा.

फुलसिंगांनी अग्नी दिला. लाकडं वाळलेली होती, पेट लगेच धरला. लोक मागे सरकले. रामीबाई सुनीलजवळ आली आणि सगळ्यांसमोर तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलं बापू, सांगतलं. नाहीतं माह्यं पोरगं लेकरावानी मातीत गेलं असतं. तुह्ये उपकार हायेत." तिच्या हाताला अजून बांगड्या भरतानाचं तेल होतं. सुनीलला वाटलं, हिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिपाली चार पावलांवर जमिनीवर बसली होती. तिनं ते ऐकलं. गर्दी थोडी पांगल्यावर सुनील तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं होतं.

"मी नका सांगू म्हनलं होतं," तीच म्हणाली.

"हो."

"तुम्ही शप्पथ घेतली होती."

"हो."

"मंग कायले सांगतलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एवढं सगळं ज्यासाठी गेलं ते कारण निदान मोठं असेल, असं तिला वाटत असावं. सुनीलनं आगीकडे पाहिलं. ती वाट पाहत राहिली.

"सूनबाई!" मागून हंसाबाईनं हाक मारली. "पुरुषाइकडं नाही बसा लागत. इकडं ये, बायांत."

हाक कोणाला आहे हे दिपालीला आधी कळलंच नाही. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा कळलं, आणि ती उठून गेली.